खुर्चीला खुर्ची, माणसाला आधार

पुसेगाव म्हटले की बहुतेकांना साताऱ्याकडचे सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. मी सांगतोय ते आमच्या हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले पुसेगाव. तिथे आरोग्य तपासणीच्या शिबिराला गेलो होतो. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. त्यात लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. पुढच्या टेबलावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि नावनोंदणीची वही.

सकाळी नऊ वाजता रांगा सरळ होत्या. साडेदहापर्यंत त्यांचा पार विस्कोट झाला. कोणी खुर्ची पंख्याखाली ओढली, कोणी ओळखीच्या माणसाजवळ सरकवली, कोणी दोन खुर्च्या जोडून लेकराला झोपवले. मधून जायला ठेवलेली वाट कुठे होती ते कळेना. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे नाव पुकारले गेले. त्या उठायला लागल्या. खुर्चीला हात नव्हते, म्हणून त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. ती खुर्ची रिकामी होती. आजींच्या हाताचा भार पडताच ती कलंडली. नशीब, शेजारच्या मुलीने त्यांना दंडाला धरले.

"लागलं का आजी?" मी विचारले.

"न्हाई रे लेकरा. ही खुर्चीच धरू देईना बघ."

आजी हसत म्हणाल्या, पण मला हसू आले नाही. कारण अगदी असाच प्रसंग काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात घडला होता आणि त्यातल्या आजी आमच्या वॉर्डात आल्या होत्या. समोरची रिकामी खुर्ची धरून उठताना ती सरकली आणि त्या कुशीवर पडल्या. खुब्याजवळचे हाड मोडले. मोठे शस्त्रक्रियेचे दिव्य झाले, पुढे कित्येक महिने वॉकर आला. त्या घरातून चालत मांडवात गेल्या होत्या. घरी परतल्या त्या स्ट्रेचरवरून. घरच्यांनी दोष दिला तो वयाला आणि नशिबाला. त्या अडीच किलोच्या खुर्चीचे नाव कोणी काढले नाही.

आज त्या खुर्चीबद्दलच बोलायचे आहे. एकात एक बसून थप्पी होते, आणि चांगली बनवली असेल तर शेजारणीला जोडून रांगही होते, अशी ही वस्तू. ती कशी बनते, कशी मांडावी आणि त्यात आपल्या हाडांचा काय संबंध, ते पाहू.

सतरंजीवरून खुर्चीवर

आमच्या लहानपणी लग्नात, सप्ताहात, सभेत बसायला जाजम किंवा सतरंजी असे. खुर्च्या चार-पाच, त्याही पाटील, गुरुजी आणि व्याह्यांसाठी. नव्वदच्या दशकात साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गावोगाव पोचल्या आणि दहा-पंधरा वर्षांत मांडवाचे रूपच पालटले. हलकी, धुता येणारी, ढेकूण न होणारी, पावसात न कुजणारी अशी बसायची वस्तू गरिबाच्या आवाक्यात आली. डॉक्टर म्हणून मला तिचा उपकारच वाटतो. ज्यांचे गुडघे झिजलेत, त्यांना कीर्तन ऐकायला मांडी घालावी लागत नाही.

या एकसंध खुर्चीचा जो नमुना जगभर गेला, त्याच्या मुळाशी आंरी मासोने या फ्रेंच अभियंत्याने १९७२ साली आणलेली 'फोतय ३००' ही खुर्ची आहे. पाय, बैठक, पाठ, हात असे सगळे एकाच साच्यात, एकाच वेळी ओतायचे. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरायचे, थंड करायचे आणि दोन मिनिटांच्या आत अख्खी खुर्ची बाहेर. ना खिळा, ना स्क्रू, ना सांधा. प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन. इटलीतले रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते तयार केले आणि अशा कामासाठी १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. त्याच १९६३ साली इंग्लंडमध्ये रॉबिन डे यांची पॉलिप्रॉपिलीनची बैठक आणि लोखंडी पाय असलेली खुर्ची बाजारात आली. शाळा, दवाखाने, सभागृहे यांत ती पुढे लाखोंनी गेली.

थप्पीचे गणित

खुर्ची एकात एक बसते म्हणजे नेमके काय होते? पाय खाली फाकलेले आणि वर जवळ आलेले असतात, त्यामुळे वरच्या खुर्चीचे पाय खालच्या खुर्चीच्या बाहेरून उतरतात. पण त्या अगदी घट्ट बसल्या तर निघणारच नाहीत. म्हणून बैठकीखाली लहान कंगोरे ठेवलेले असतात. ते वरच्या खुर्चीला ठरावीक उंचीवर थांबवतात आणि मध्ये हवा राहू देतात. कंगोरे झिजले की दोन खुर्च्या एकमेकींत रुततात आणि मग मांडवातली पोरे त्या ओढताना बोटे चेचून घेतात.

घरी एक प्रयोग करून पाहा. एका खुर्चीची उंची मोजा, मग तिच्यात दुसरी ठेवून पुन्हा मोजा. समजा पहिली ८० सेंटीमीटर भरली आणि दुसरीने ५ सेंटीमीटर वाढवले, तर दहा खुर्च्यांची थप्पी ८० अधिक ४५, म्हणजे १२५ सेंटीमीटर होईल. वाढणारे हे ५ सेंटीमीटर जितके कमी, तितक्या जास्त खुर्च्या एका 'छोटा हत्ती'त मावतात आणि मंडपवाल्याची एक खेप वाचते.

या गणितातला उस्ताद म्हणजे अमेरिकेतले डेव्हिड रोलँड. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बर विमान चालवत. विमानातल्या अवघड बैठकीवर तासन्‌तास काढलेल्या या माणसाने पुढे खुर्चीचाच ध्यास घेतला. १९६४ साली आलेल्या त्यांच्या खुर्चीचे नावच '४०/४' आहे, कारण चाळीस खुर्च्यांची थप्पी फक्त चार फूट उंच होते. चार फूट म्हणजे सुमारे १२२ सेंटीमीटर. पहिल्या खुर्चीचे सुमारे ७६ वजा केले तर उरतात ४६, आणि तेवढ्यात बाकीच्या ३९ खुर्च्या. म्हणजे प्रत्येक खुर्ची उंची वाढवते ती जेमतेम १.२ सेंटीमीटर. हे साधले कारण तिचा सांगाडा करंगळीएवढ्या पोलादी सळईचा आहे आणि बैठक व पाठ पातळ पत्र्याची. शिवाय ही खुर्ची शेजारच्या खुर्चीला अडकवता येते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्येही ती आहे. मोठ्या जागेत कधी हजार माणसे बसवायची, कधी मोकळी फरशी हवी. त्यासाठी थप्पी आणि जोड दोन्ही लागतात.

जोडलेली रांग का हवी?

सुटी प्लास्टिकची खुर्ची साधारण अडीच किलोची असते. हलकी असणे हा तिचा गुण आणि हलकी असणे हाच दोष. रिकामी असताना म्हातारे माणूस तिच्या पाठीवर भार देते तेव्हा तिला उलटायला फार जोर लागत नाही, कारण भार वर आणि टेकू खाली चार बारीक पायांवर. पण अशा पाच खुर्च्या एकमेकींना जोडल्या आणि त्यातल्या तीनवर माणसे बसली असली, तर तीच पाठ भिंतीच्या कठड्यासारखी स्थिर होते. एक खुर्ची मागे कलंडवायची तर पाचही कलंडवाव्या लागतात. बाजूला कलंडण्याचा तर प्रश्नच उरत नाही, कारण टेकूची रुंदी एका खुर्चीची न राहता पाच खुर्च्यांची होते.

दुसरा फायदा वाटेचा. जोडलेली रांग मांडताना जी वाट सोडली, ती कार्यक्रम संपेपर्यंत तशीच राहते. खुर्ची ओढून वाटेत कोणी बसत नाही. घेरी आलेल्या माणसाला बाहेर नेताना, स्ट्रेचर आत आणताना या वाटेची किंमत कळते. उन्हाळ्यात आमच्या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि मांडवात कोणाला ना कोणाला भोवळ येतेच. त्याच्यापर्यंत पोचायला खुर्च्या उचलत जावे लागले, तर गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे: आग आणि चेंगराचेंगरी. माणसे एकदम उठून धावली की सुट्या खुर्च्या उलटतात, त्यांचे पाय वर होतात आणि मागून येणारा त्यांत अडकून पडतो. पडलेल्यावर दुसरा पडतो. म्हणूनच अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अग्निसुरक्षा नियमावलीत असे कलम आहे की दोनशेहून अधिक आसने असलेल्या सभेच्या जागी खुर्च्या जमिनीला पक्क्या हव्यात, किंवा सपाट जमीन असेल तर किमान तीन-तीनच्या गटात एकमेकींना जोडलेल्या हव्यात.

आपल्याला हे दुःख परके नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाच्या मांडवाला आग लागली. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यात बहुसंख्य मुले. वर पेटता कापडी मांडव आणि बाहेर पडायला अपुरी वाट. पुढे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा जीव गेला. बहुतेक जण धुराने गुदमरून. बाल्कनीत जास्तीची आसने बसवल्यामुळे उजव्या बाजूची वाट बंद झाली होती, हे न्यायालयीन निकालांत नोंदले गेले. म्हणजे खुर्च्या पक्क्या असून भागत नाही. त्यांच्यामधली मोकळी जागा हीदेखील मांडणीचाच भाग आहे. खुर्च्या वाढवायच्या म्हणून वाट खाल्ली, की जोडलेली रांगच कुंपण बनते.

कडी कशी असावी?

खुर्चीला खुर्ची जोडायची कडी वरवर साधी दिसते, पण तिच्याकडून मागण्या बऱ्याच आहेत. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला त्याची खोबण. खुर्ची जरा उचलून खाली सोडली की बसली पाहिजे. उचलली की सुटली पाहिजे. त्यासाठी पाना-पक्कड लागता कामा नये. आडव्या धक्क्याला ती सुटू नये. थप्पी लावताना कडी आड येऊ नये. आणि आपल्याकडची एक खास अट: तिचे टोक बाहेर आलेले नसावे. साडीचा काठ, धोतराचा सोगा, गळ्यातल्या पिशवीचा बंद त्यात अडकला तर पडण्यापासून वाचवायला लावलेली कडीच पाडायला कारण होईल.

खरा पेच हातांचा आहे. मी शिबिराला खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्या भाऊंना विचारले, "हातवाल्या खुर्च्या का नाही आणल्या?"

"साहेब, हातवाली जागा खाती. पंगतीला टेबलाखाली जात न्हाई. आन थप्पीत बी कमी बसती."

त्यांचे बरोबर आहे. हिशेब मांडून पाहू. मांडव नऊ मीटर रुंद, त्यातले १.२ मीटर वाटेला सोडले, उरले ७.८ मीटर. बिनहाताची खुर्ची ४५ सेंटीमीटर रुंद धरली तर एका रांगेत १७ बसतात; हातवाली ५८ धरली तर १३. दहा रांगांत चाळीस माणसांचा फरक. एवढी माणसे कोणता यजमान उभी ठेवील?

पण वैद्यकशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. म्हाताऱ्या माणसासाठी खुर्चीचा हात ही चैनीची गोष्ट नाही. उठताना आपण आधी पुढे झुकतो, शरीराचा भार पावलांवर आणतो आणि मग मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या जोरावर गुडघे सरळ करतो. हाताने खाली दाब दिला की गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा ताण कमी होतो. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही गळती वाढते. सत्तरीच्या माणसाला उठायला हात लागतात ते आळसाने नाही. त्याला खुर्चीचा हात मिळाला नाही तर तो समोरची पाठ धरणारच. आणि समोरची खुर्ची सुटी असेल, तर पुढचे आपण पाहिलेच.

यावर मला सुचलेला तोडगा साधा आहे. सगळ्या खुर्च्यांना हात नकोत. प्रत्येक रांगेच्या दोन्ही टोकांना, म्हणजे वाटेच्या कडेला, एकेक हातवाली खुर्ची ठेवा. ती वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवा. वर काढलेल्या हिशेबात त्याने रांगेमागे फक्त एक खुर्ची कमी होते. म्हातारे माणूस टोकाला बसले की त्याला कोणाच्या गुडघ्यांवरून जावे लागत नाही, लघवीला उठताना संकोच होत नाही, आणि काही झाले तर आपण लगेच पोचतो. मी हे भाऊंना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे जमतंय साहेब. पन्नास हातवाल्या हायत माझ्याकडं, वधूवराच्या मागं ठेवतो त्या."

दवाखान्यातली रांग

आता माझ्याच घरात डोकावतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर भोके पाडलेल्या पत्र्याचे तीन-चार सीटचे बाकडे असते ना, तेही या कुळातलेच. एकाच आडव्या तुळईवर ओळीने बैठका आणि खाली दोनच ठिकाणी पाय, ही कल्पना विमानतळांनी रूढ केली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९६२ साली शिकागोच्या ओहेअर विमानतळासाठी असे आसन केले. पाय कमी असल्याने खालची फरशी सलग पुसता येते, आणि बाकडे जागचे हलत नाही. दवाखान्याला दोन्ही गोष्टी हव्याच असतात.

मात्र त्याचेही दोष आहेत. एकाने धपकन बसले की शेजारच्या पोटदुखीच्या रुग्णाला हिसका बसतो. सीटच्या मधल्या दांड्यांमुळे तापाने फणफणलेल्या माणसाला आडवे होता येत नाही. म्हणून माझे मत असे की रांगेतल्या सगळ्या बाकड्यांना मधले दांडे नकोत. एखादे सपाट ठेवावे. आणि कोणतेही बाकडे भिंतीला टेकवून किंवा जमिनीला बोल्टने पक्के केलेले असावे.

स्वच्छतेबद्दलही दोन शब्द. पत्र्याचे बाकडे ब्लीचिंगच्या म्हणजे हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसून तसेच सोडले तर क्लोराइडमुळे पोलादावर बारीक खड्डे पडतात, गंज धरतो आणि त्या खड्ड्यांत घाण साठते. द्रावण ठरलेला वेळ राहू द्यावे आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्यावे. बरेच लोक टीबीच्या रुग्णाने वापरलेल्या खुर्चीवर बसायला घाबरतात. टीबी खुर्चीतून होत नाही. तो खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म थेंबांनी, हवेतून होतो. म्हणून खोकणाऱ्या रुग्णांची रांग वेगळी, खिडकीजवळ, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून मांडावी आणि त्यांना मास्क द्यावा. इथे खुर्ची पुसण्यापेक्षा ती कुठे मांडली हे जास्त महत्त्वाचे.

उन्हात म्हातारी होणारी खुर्ची

माणसासारखी खुर्चीही म्हातारी होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनच्या लांबलचक साखळ्या तुटत जातात. रंग फिका पडतो, पृष्ठभागावर खडूसारखी पूड येते, बारीक चिरा दिसतात. अशी खुर्ची लवचिकपणा गमावते आणि भार आला की वाकण्याऐवजी कडकन मोडते. चांगल्या खुर्चीत किरणांपासून वाचवणारी रसायने मिसळलेली असतात. स्वस्त मालात त्यांची काटकसर होते आणि वजन भरायला खडूची भुकटी जास्त घातली जाते. अशा खुर्च्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे. खरेदी करताना त्याची खूण बघून घ्यावी.

तपासणी सोपी आहे. खुर्ची पालथी करा. पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे चीर आहे का, पांढरी रेघ आहे का पाहा. मग सरळ करून पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्या. मागचे पाय फाकत असतील तर ती खुर्ची बाजूला काढा. गुळगुळीत फरशीवर तर असे पाय सरकतच जातात. भारी माणसासाठी दोन खुर्च्या एकात एक घालून देण्याची आपली पद्धत वाईट नाही. पण त्याने बैठक उंच होते, पाय अधांतरी राहतात का ते बघावे.

थप्पीचीही काळजी घ्या. उंच थप्पी पुढे झुकते, कारण प्रत्येक खुर्ची खालच्या खुर्चीपेक्षा किंचित पुढे बसते. मुलांना तिच्यावर चढायचा मोह होतो. दहा खुर्च्या म्हणजे पंचवीस किलो, आणि त्या लेकराच्या अंगावर येतात तेव्हा पाय-हात मोडण्यावर थांबेलच असे नाही. थप्पी भिंतीच्या कडेला, छातीच्या उंचीपर्यंतच लावावी. उचलताना चार-पाचच, गुडघे वाकवून, अंगालगत धरून. दहा-दहा उचलणाऱ्या तरुणांच्या कंबरा मी पस्तिशीत तपासतो.

घरच्या घरी एक चाचणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडण्यामुळे मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो, आणि सर्वाधिक बळी साठीपुढच्यांचे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची ही चाचणी करा. पक्की, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजा. डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या, अधू नजर, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पायांची बधिरता, अशी कारणे सापडतात आणि त्यांवर उपायही आहेत. तीच उठबस, आधार धरून, रोज थोडी थोडी केली तर ती व्यायामही होते.

उठण्याची रीत शिकवा. आधी बैठकीच्या कडेला सरकायचे. पावले मागे, गुडघ्यांच्या किंचित आत घ्यायची. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे झुकायचे. मग खुर्चीच्या हातांवर दाब देऊन उठायचे आणि दोन श्वास उभे राहूनच पाऊल टाकायचे. समोरची रिकामी खुर्ची धरायची नाही.

आणि कोणी पडलेच तर? पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळले असेल, खुब्यात कळ येत असेल तर त्या माणसाला उठवून बसवू नका, चोळू नका, चालवून पाहू नका. आहे तिथे झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झाली तर परिणाम चांगले असतात. "म्हातारपणी कशाला ऑपरेशन" म्हणून अंथरुणात ठेवलेल्या माणसाला शय्याव्रण, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या असे एकेक गाठत जाते.

सुतळीची कडी

कडी असलेल्या खुर्च्या सगळीकडे मिळतील असे नाही. तोवर काय? त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही एक प्रयोग केला. सुतळीचे तुकडे घेतले. शेजारच्या दोन खुर्च्यांचे मागचे पाय बैठकीच्या जरा खाली, सैल नको आणि आवळही नको असे, ओढले की सुटेल अशा गाठीने बांधले. पाच-पाच खुर्च्यांचे गट. सुतळीची टोके लोंबू दिली नाहीत, म्हणजे कोणाच्या पायात यायला नकोत. मध्ये दोन माणसे शेजारी-शेजारी जातील एवढी वाट, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला हातवाली खुर्ची. दोन रांगांमध्ये इतके अंतर, की बसलेल्याच्या गुडघ्यांपुढून दुसऱ्याला सरळ जाता यावे. चार पोरांनी मिळून पंचवीस मिनिटांत सगळा मांडव बांधला.

"रोज कोण बांधत बसंल साहेब?" भाऊंनी विचारले. "दुपारी लग्न, संध्याकाळी वाढदिवस असतो."

मी म्हणालो, "सगळ्या नका बांधू. पुढच्या चार रांगा बांधा आणि म्हाताऱ्या माणसांना तिथंच बसवा."

दुपारच्या सत्रात सकाळच्या आजी पुन्हा आल्या, साखरेचा अहवाल घ्यायला. टोकाच्या हातवाल्या खुर्चीवर बसल्या. नाव पुकारल्यावर कडेला सरकल्या, दोन्ही हातांनी दाब दिला, उठल्या. सवयीने एक हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर गेलाच. खुर्ची हलली नाही. आजींनी ती जरा ओढून पाहिली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कशी गुमान उभी ऱ्हायली!"

साखर वाढलेली होती. गोळी बदलून दिली आणि पुढच्या महिन्यात दाखवायला सांगितले.